थोर गोलंदाज बाळू पालवणकर

विद्यार्थिमित्रहो, फावल्या वेळी सहज म्हणून उघडलेले पुस्तक कधी कधी नेमलेल्या पुस्तकाहून अधिक शिकवून जाते. क्रिकेटचा जुना इतिहास केवळ करमणुकीसाठी चाळू लागावे, राजेरजवाड्यांची नावे एकामागून एक यावीत, आणि त्यांच्याच पंक्तीस 'पी. बाळू' हे आखूड नाव दिसावे. त्यापुढील आकडे पाहताच वाचक थबकतो. प्रथम श्रेणीचे सामने ३३, बाद केलेले गडी १७९, आणि प्रत्येक गड्यामागे दिलेल्या धावा सरासरीने अवघ्या १५. एके काळी मुंबई-पुण्याच्या मैदानांवर ज्यांच्या नावाचा गजर होत असे, त्या बाळू पालवणकरांचे हे चरित्र सूर्यमाळच्या माळावर चेंडूफळी खेळणाऱ्या मुलांस व त्यांच्या आईवडिलांसही माहीत असावे, म्हणून येथे सांगत आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील, जातीने चर्मकार. म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य गणलेले. बाळपण पुण्यास गेले. घरची गरिबी असल्यामुळे शिक्षण फार झाले नाही, आणि लहान वयातच पुण्यातील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याची व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याची नोकरी त्यांनी धरली. पगार महिना तीन रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे एक रुपया अधिक मिळू लागला. जाळ्या उभाराव्यात, रूळ फिरवावा, आणि साहेब लोकांस फलंदाजीचा सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकावा, असे हे काम होते. फळी मात्र त्यांच्या हाती कोणी देत नसे. ती साहेबांनी धरावयाची.

येथेच त्यांची खरी शाळा भरली. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज त्या क्लबात खेळत. त्यांच्यापुढे बाळू तासन् तास चेंडू टाकीत राहिले. डाव्या हाताने संथ गतीचा चेंडू टाकावा, त्यास दोन्ही बाजूंनी वळण द्यावे, टप्पा मात्र तसूभरही चुकू देऊ नये, ही विद्या त्यांनी कोणा गुरूवाचून, रोजच्या चाकरीतून हस्तगत केली.

बाळूंची कीर्ती पुण्यातील हिंदू क्लबाच्या कानी गेली, आणि एक विलक्षण पेच उभा राहिला. युरोपियनांस हरवावयाचे तर हा गोलंदाज हवा; पण त्यास बरोबर घ्यावे कसे? अखेर जिंकण्याच्या इच्छेने रूढीवर अर्धी मात केली. अर्धीच म्हणावयाचे, कारण मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा, पण चहाच्या वेळी बाळूंनी तंबूबाहेर उभे राहून वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा घ्यावा आणि वेगळ्या ताटात जेवावे, असा प्रकार होता. ज्या हाताने फेकलेला चेंडू झेलावयास संकोच वाटत नाही, त्या हातास पेल्याचा स्पर्श झाला की विटाळ व्हावा, हे कोणत्या शास्त्रात बसते? तरीही साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाविरुद्ध बाळूंनी सात गडी बाद करून पुणेकरांस विजय मिळवून दिला. त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला असे सांगतात.

१८९६ साली प्लेगची साथ आली. त्या सुमारास बाळू मुंबईस आले व पुढे रेल्वेच्या नोकरीत राहून खेळू लागले. हिंदू जिमखान्याने काहीशी कुरकुर होऊनही त्यांस आपल्या संघात घेतले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू व युरोपियन यांचा जो सामना झाला, तो हिंदूंनी १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी त्यात आठ गडी बाद केले, आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्याच संघात होते. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात झालेला हा पराभव सर्व देशात गाजला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी लोकांचा निवडक संघ विलायतेस गेला. संघाने हार अधिक खाल्ली, पण बाळूंनी एकट्याने ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एका डावात आठ गडी त्यांनी मिळविले. ते परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा गौरव केला. बाळू त्या समाजाच्या तरुणांस, विद्यार्थी भीमराव आंबेडकरांसह, अभिमानाचा विषय झाले होते.

इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधी मिळाले नाही. शिवराम, गणपत व विठ्ठल हे तिन्ही बंधूही त्या संघातून खेळले. चार भाऊ एका संघात, ही गोष्ट दुर्मीळच. तरी नेतृत्वाची वेळ आली की उच्चवर्णीय गृहस्थांची निवड होई. १९१३ साली कर्णधार झालेले पै यांनी तर हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे मोकळ्या मनाने बोलून दाखविले. १९२० साली बाळूंस संघातून वगळले, आणि नेतृत्व देतानाही पालवणकर बंधूंस डावलले. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून खेळण्याचे नाकारले. बरीच चर्चा झाली; बंधूंस परत बोलाविण्यात आले आणि बाळू उपकर्णधार झाले. पुढच्या सामन्यात पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पंचवीस वर्षांच्या कष्टांस मिळालेले फळ ते एवढेच. पण वाट मोकळी झाली होती. १९२३ साली विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि चौरंगी सामन्यांत विजयी झाले.

खेळ सोडल्यावर बाळू राजकारणात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व सुमारे २,००० मतांनी पराभूत झाले. एकाच दुःखातून आलेल्या दोन थोर पुरुषांचे मार्ग निराळे असू शकतात, हे येथे लक्षात ठेवावे. त्यावरून कोणास लहान ठरविण्याचे कारण नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे निधन झाले.

मग एवढ्या गुणी माणसाचा विसर का पडला? हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला. तेव्हा बाळूंचे वय ५६ होते. कसोटीच्या यादीत नाव नाही, म्हणून पुढील पिढ्यांच्या तोंडीही नाव नाही. विठ्ठल यांनी १९४८ साली आपले 'माझे क्रीडा-जीवन' मराठीत लिहिले, आणि पुढे इतिहासकारांनी शोध घेतला, म्हणून ही हकीकत हाती आली. सुटीत एखादे जुने पुस्तक हाती आले तर ते चाळावयास विसरू नका. अशी माणसे बहुधा मधल्या पानांवरच सापडतात. आणि आईबापांनो, मूल मैदानावर कोणाबरोबर खेळते हे आपण पाहतोच. खेळ संपल्यावर ते कोणाबरोबर पाणी पिते, हेही पाहावे. बाळूंचा खरा सामना तेथे होता, आणि तो जिंकणे त्यांच्या एकट्याच्या हाती नव्हते.