मोनाकोची पहिली रेस जिंकणारा पठ्ठ्या पुढे हिटलरच्या विरोधात गुप्तहेर बनला

मोनाको ग्रां प्री म्हटलं की आठवतात अरुंद रस्ते, बंदरातल्या आलिशान बोटी आणि भिंतीला घासते की काय असं वाटणाऱ्या गाड्या. या रेससाठी वेगळा ट्रॅक नाही. शहरातले रोजच्या वापराचे रस्ते बंद करायचे आणि त्यावरच गाड्या पळवायच्या.

ही रेस पहिल्यांदा झाली १४ एप्रिल १९२९ ला. ती जिंकली विल्यम्स नावाच्या ड्रायव्हरनं.

पण ते त्याचं खरं आडनावच नव्हतं.

खरं नाव विल्यम ग्रोव्हर. जन्म १९०३ चा, पॅरिसला लागून असलेल्या माँत्रूजचा. वडील इंग्रज, आई फ्रेंच, त्यामुळं दोन्ही भाषा तोंडपाठ. तरुणपणी तो चित्रकार विल्यम ऑर्पेन यांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. आपण रेसिंगच्या नादाला लागलोय हे घरी कळू नये म्हणून त्यानं विल्यम्स हे नाव घेतलं.

मोनाकोत त्या दिवशी १६ गाड्या उतरल्या. फेऱ्या १००. कोण पुढं उभं राहणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मुख्य टक्कर होती जर्मनीच्या रुडॉल्फ काराचिओलाशी. त्याच्याकडं ७ लिटर इंजिनची धिप्पाड मर्सिडीज, तर विल्यम्सकडं हिरवी, हलकी बुगाटी. मर्सिडीज पेट्रोल भरायला थांबली आणि तिथंच तिची मिनिटं वाया गेली. वळणावळणाच्या रस्त्यांवर बुगाटी सुसाट निघाली. जवळपास ४ तासांनी विल्यम्स पहिला आला, काराचिओला तिसरा.

मग दुसरं महायुद्ध पेटलं. १९४० मध्ये जर्मनीनं फ्रान्स घेतला. विल्यम्सनं इंग्लंड गाठलं आणि तो ब्रिटिश सैन्यात भरती झाला. फ्रेंच माणसासारखं फ्रेंच बोलणारा गडी ब्रिटनच्या गुप्त संघटनेला, एसओईला, हवाच होता. १९४२ मध्ये त्याला पॅराशूटनं फ्रान्समध्ये उतरवलं. आता नवं नाव मिळालं, सेबास्टियन.

त्यानं सोबत घेतलं कुणाला? तर रेसिंगमधल्या जुन्या दोस्तांना, रोबेर बेनुआ आणि जाँ-पिएर विमिल यांना. विमानातून टाकलेली शस्त्रं गोळा करायची आणि लपवायची, हे त्यांचं काम.

२ ऑगस्ट १९४३ ला विल्यम्स पकडला गेला. १९४५ मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत त्याला मारण्यात आलं. बेनुआला त्याआधीच बुखेनवाल्डमध्ये संपवलं होतं. तिघांपैकी विमिल तेवढा युद्धातून वाचला. तोही १९४९ मध्ये ब्युनोस आयर्सला सराव करताना अपघातात गेला.

आज मोनाकोच्या पहिल्याच वळणावर, सेंट देव्होतला, बुगाटीत बसलेल्या विल्यम्सचा पुतळा आहे. घरच्यांपासून आणि नंतर शत्रूपासूनही नाव लपवत जगलेला हा माणूस आता तिथं सगळ्यांसमोर बसलेला असतो, आणि फॉर्म्युला वनच्या गाड्या दरवर्षी त्याच्या शेजारून जातात.