रविवर्म्याच्या चित्रातलं रान

लक्ष्मीपूजनाला आपण पाटावर जी तसबीर मांडतो, ती नीट न्याहाळलीय कधी? कमळावर उभी लक्ष्मी, शेजारी हत्ती, आणि मागे तळं, हिरवी झाडी. लक्ष्मीला नमस्कार करायच्या गडबडीत ते तळं कुणाच्या लक्षातही येत नाही. मला मात्र हल्ली त्या तळ्याचंच कुतूहल वाटू लागलंय.

ही लक्ष्मी मूळची राजा रविवर्म्याची. मस्कतमधली आपली केरळी मित्रमंडळी त्याला आपला म्हणतात आणि आपणही आपला म्हणतो. दोघांचंही खरं आहे. जन्म त्रावणकोरातल्या किळिमानूरचा, २९ एप्रिल १८४८चा. पण चित्रं छापण्याचा कारखाना त्याने काढला तो मुंबईत, १८९४ साली. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून हे देव घरोघरी पोचले.

चित्रकलेचे पहिले धडे त्याला मामाकडून मिळाले. मामा तंजावर पद्धतीने काढायचे. त्या पद्धतीत देवाच्या मागे सोन्याचा वर्ख आणि महिरप. हवा नाही, अंतर नाही, संध्याकाळ नाही. चौदाव्या वर्षी मामांनी त्याला तिरुवनंतपुरमला राजदरबारात नेलं. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा गोरा चित्रकार दरबारात आला. तैलरंग शिकवायची त्याची तयारी नव्हती, फक्त बघायची परवानगी दिली. बघून बघूनच रविवर्मा शिकला. मला वाटतं, त्या बघण्यातच सोन्याचा वर्ख गळून पडला आणि माणसांच्या मागे झाडं उगवली.

आता शकुंतलेचं ते चित्र आठवा. सखीच्या खांद्यावर हात ठेवून ती पायातला काटा काढायच्या निमित्ताने वळून बघतेय. हा प्रसंग कालिदासाच्या नाटकातला. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला सांगतो, की पायात दर्भ टोचल्याचं निमित्त करून ती थांबली आणि वळून पाहिलं. रविवर्म्याने तेच उचललं आणि दाखवलं. दुष्यंताला मात्र चित्राबाहेर ठेवलं. आता रान नसेल तर काटा कुठला, आणि काटा नसेल तर वळायचं तरी कशाला? म्हणजे इथलं रान ही नुसती सजावट नव्हे, तिच्या बहाण्याला तेच साक्षीदार आहे. हंस-दमयंतीतही (१८९९) तसंच. कठड्यावरचा हंस काढून टाका, लाल साडीतली एक देखणी बाई तेवढी उरेल. तिच्या मनातला नळ दिसणार नाही.

बायकांना नेसवायचं काय, हाही प्रश्न होताच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पौराणिक चौदा चित्रांचं काम दिलं, तेव्हा १८८८ मध्ये रविवर्मा उत्तर हिंदुस्थानभर हिंडला. पुराणातल्या बायकांना शोभेल असा सगळीकडे चालणारा एक पोशाख काही सापडेना. अखेर साडीच पक्की झाली. त्याच्या चित्रांसाठी बसणाऱ्यांत आपल्या गोमंतकातल्या गायिका अंजनीबाई मालपेकरही होत्या. चेहरा इथला, गोष्ट पुराणातली.

आणि मागचा निसर्ग? इथे एक माणूस नेहमी राहून जातो. त्या हिंदुस्थानच्या प्रवासात रविवर्म्याबरोबर धाकटा भाऊ होता, सी. राजराजवर्मा, बारा वर्षांनी लहान. तो स्वतः उत्तम निसर्गचित्रकार. आपली चित्रं तो वेगळी काढायचा, प्रदर्शनातही ठेवायचा. पण आयुष्याचा मोठा भाग त्याने दादाच्या कॅनव्हासवर घालवला. थोरला माणसं रंगवायचा. मागचं पाणी, डोंगर, झाडी अनेकदा धाकट्याच्या हातची. शिवाय गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार, हिशेब, प्रवासाची व्यवस्थाही तोच बघायचा. रोजनिशी लिहायचा, तीही इंग्रजीत. आज या दोघांच्या कामाच्या दिवसांबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं पुष्कळसं या रोजनिशीमुळे. चित्राखाली सही मात्र एकाचीच. (आपल्याकडे एकत्र कुटुंबात दुकानाच्या पाटीवर थोरल्याचंच नाव असतं, तशातला प्रकार!) त्याने कुरकुर केली असेल असं मला वाटत नाही, पण आपण तरी त्याचं नाव घ्यायला हवं होतं.

१९०४ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी नऊ पौराणिक चित्रांचं काम सोपवलं. दोघे भाऊ कामाला लागले आणि १९०५च्या जानेवारीत राजराजवर्मा गेला, पंचेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रविवर्म्याचं वय तेव्हा छप्पन्न, प्रकृती मधुमेहाने खालावलेली. तरी म्हैसूरची चित्रं त्याने हातावेगळी केली. मग किळिमानूरला परतला, आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी तिथेच गेला. भाऊ जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.