विन्चेन्झो लान्चा

बुटांचा एक पुठ्ठ्याचा खोका घ्या. झांकण घट्ट बसवून तो पिळून पहा. सहसा पिळत नाहीं. झांकण काढा, कीं तोच खोका हातांत वेडावांकडा होतो. छप्पर नसलेल्या मोटारीची अडचण हीच होय. ती सोडविणाऱ्या लान्चाचें चरित्र बोधप्रद आहे.

इटलींतील फोबेल्लो या डोंगराळ खेड्यांत १८८१ सालीं त्याचा जन्म झाला. मुलानें वकील व्हावें अशी वडिलांची इच्छा. पण मुलाचा जीव यंत्रांत रमे. अखेर तुरीन शहरीं एका सायकलींच्या कारखान्यांत तो हिशेबनीस म्हणून राहिला. पुढें फियाट कंपनीनें तो कारखाना घेतला आणि लान्चा तिचा नामांकित शर्यतपटु झाला. १९०५ सालीं अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट चषकाच्या शर्यतींत तो आघाडीवर होता. परंतु दुसऱ्या मोटारीशीं टक्कर होऊन त्यास चौथ्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें.

नोव्हेंबर १९०६ मध्यें क्लॉडिओ फोगोलिन या मित्रासह त्यानें स्वतःचा कारखाना काढला. तीनच महिन्यांत आगीनें त्याची मोठी हानि केली. दुसरा कोणी खचला असता. लान्चा पुन्हां कामास लागला.

त्या काळीं दोन लांब पोलादी तुळयांवर इंजिन बसवून वर साटा ठेवीत. खडबडीत रस्त्यावर हा सांगाडा पीळ खाई आणि दारें कुरकुरत. जहाजाची काया स्वतःच भार सोसते, हें पाहून लान्चास युक्ति सुचली असें सांगतात. १९१८ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला आणि १९२२ सालीं ‘लाम्ब्डा’ मोटार जगापुढें आली. तिला वेगळा सांगाडा नव्हताच! पोलादी पत्र्याच्या उंच बाजू, आडवे पडदे व आसनांच्या पाठी यांनीं मिळून एकच पेटी बनली होती. दारें मुद्दाम लहान ठेविलीं होतीं. कारण बाजू जेवढी कापावी तेवढें बळ जातें. म्हणून छप्पर नसतांही ती पूर्वीच्या मोटारींहून पुष्कळ कमी पिळे.

१५ फेब्रुवारी १९३७ रोजीं लान्चा वारला. पण त्याचा विचार टिकला. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनून मुंबईंत अनेक वर्षें धांवलेल्या फियाट टॅक्सींना वेगळा सांगाडा नव्हता. आज हेंद्रेपाड्याच्या रस्त्यानें जाणाऱ्या बहुतेक मोटारींनाही तो नसतो.

मुलांनो, आगींत इमारत जळते, उद्योग जळत नाहीं. आणि पालकांनीं हेंही ध्यानांत घ्यावें, कीं मुलाचे हात कोठें वळतात तें पाहणें हें त्याच्या शिक्षणाचें पहिलें पाऊल होय.