घरातले एक शस्त्र : डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आयुष्यातील एक निर्णय

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेचे गांधी, शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारे नेते, अहिंसेचे पुजारी अशी विशेषणे त्यांना लावली की आपले काम संपते. त्यात पुतळा उभा राहतो, पण माणूस हरवतो. त्यांच्या चरित्रातील एका लहानशा हकीकतीने मला तो माणूस पुन्हा भेटवला. ऐन २७ व्या वर्षी या अहिंसेच्या पुजाऱ्याने शस्त्र जवळ बाळगण्याचा परवाना मागितला होता आणि सरकारी अधिकाऱ्याने तो नाकारला होता. थोर माणसे जन्मतःच थोर नसतात, हे वाक्य आपण निबंधात कितीदा तरी लिहितो. त्याचा अर्थ मला या हकीकतीने समजला.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. वडील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. आजोबा मात्र दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे शेतकरी. म्हणजे शिक्षणाची वाट या घराण्यात वडिलांनीच कष्टाने पाडलेली होती. मुलगा बुद्धिमान निघाला. १५ व्या वर्षी तो मोअरहाऊस कॉलेजात दाखल झाला आणि १९४८ साली समाजशास्त्र घेऊन बी. ए. झाला. पुढे पेनसिल्व्हेनियातील क्रोझर येथे धर्मशास्त्राचा अभ्यास झाला आणि १९५५ साली बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. बोस्टनलाच संगीत शिकणाऱ्या कोरेटा स्कॉट यांची ओळख झाली व १९५३ साली दोघांचा विवाह झाला. १९५४ साली अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथील डेक्स्टर ॲव्हेन्यू चर्चची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. पुस्तकांत रमावे, प्रवचने करावीत, संसार करावा, एवढीच तेव्हा त्यांची अपेक्षा असावी.

पण १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. त्यासाठी संघटना स्थापन झाली व अध्यक्षपद आले २६ वर्षांच्या किंग यांच्याकडे. गावात ते नवखे होते; कोणत्याही गटातटाचे नव्हते. हेच त्यांच्या निवडीचे एक कारण होते. लोक मैलोगणती पायी चालू लागले, बसगाड्या रिकाम्या धावू लागल्या, आणि किंग यांच्या घरातला टेलिफोन रात्री-अपरात्री खणखणू लागला. पलीकडून शिव्या आणि ठार मारण्याच्या धमक्या. २६ जानेवारी १९५६ रोजी मोटार जोरात हाकल्याच्या क्षुल्लक आरोपावरून पोलिसांनी त्यांना पकडून तुरुंगात नेले. त्यानंतरच्या एका रात्री धमकीचा फोन आल्यावर त्यांची झोप उडाली. स्वयंपाकघरात एकटेच बसून त्यांनी आपली भीती देवापुढे मांडली.

आणि ३० जानेवारीच्या रात्री घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. किंग सभेला गेले होते. घरात कोरेटा, चर्चमधील एक स्नेही बाई आणि अवघी अडीच महिन्यांची मुलगी योलांडा. ओसरीवर काहीतरी पडल्याचा आवाज ऐकून दोघी मागच्या खोलीकडे धावल्या, म्हणून वाचल्या. समोरच्या खिडक्यांच्या काचांचा चुरा झाला. किंग धावत घरी आले तेव्हा अंगणात संतप्त जमाव होता. अनेकांच्या हातांत शस्त्रे होती. त्याच मोडक्या ओसरीवर उभे राहून त्यांनी लोकांना शस्त्रे घरी न्यायला सांगितले. रक्तपात टळला. आपल्याला चरित्रांतून सांगितला जातो तो हा प्रसंग. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही.

पुढचा भाग असा. जमावाला शांत करणाऱ्या या तरुण बापाने नंतर शेरीफच्या कचेरीत जाऊन मोटारीत शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला. अलाबामाच्या कायद्याने निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवला होता. अर्जदाराच्या जिवाला धोका असल्याचे सबळ कारण हवे आणि अर्जदार योग्य माणूस वाटला पाहिजे. ज्याच्या घरावर नुकताच बॉम्ब पडला, त्याच्याहून सबळ कारण कोणाचे असणार? तरीही परवाना मिळाला नाही. कारण जिवाचा धोका कागदावर मोजला जात होता, पण योग्य माणूस कोण हे कातडीच्या रंगावर ठरत होते. आपल्या देशात इंग्रजांनी १८७८ साली केलेला शस्त्रांचा कायदा ज्यांनी इतिहासात वाचला असेल, त्यांना यात नवल वाटणार नाही. भारतीयाला परवान्याशिवाय शस्त्राची बंदी आणि युरोपियनाला सूट, हाच त्या कायद्याचा न्याय होता.

आता जरा त्या बापाच्या जागी उभे राहून विचार करू. समजा, परवाना मिळाला असता, तर एकच पिस्तूल निवडून घर आणि स्वतःचा जीव दोन्ही राखता आले असते काय? कोटाच्या आत लपेल असे पिस्तूल लहान हवे, आणि लहान पिस्तुलाने नेम साधणे अवघड. घरासाठी मोठे बरे, पण ते अंगावर लपत नाही. भरून हाताशी ठेवावे तर घरात मूल. कुलपात ठेवावे तर मध्यरात्री किल्ली शोधण्यातच वेळ जाणार. बरे, बॉम्ब टाकणारा दारात थांबून झुंज देत नाही. तो अंधारातून येतो, फेकतो आणि पळतो. आणि पोलीस जर पाळतीवर असतील, तर मोटारीत सापडलेले पिस्तूल हे कृष्णवर्णीय माणसाला वाचवण्याऐवजी त्याच्यावर गोळी झाडण्याचे निमित्त ठरणार. हा हिशेब भ्याडपणाचा नाही, व्यवहाराचा आहे.

मला हे थोडेफार कळते, कारण आमच्या घरी बांधाच्या भांडणातून धमक्या आल्या तेव्हा आबा एक अख्खा हिवाळा उशाखाली कोयता घेऊन झोपत असत. आबांना त्या कोयत्याने झोप लागे. आईची झोप मात्र त्याच कोयत्याने उडाली होती, कारण धाकटा भाऊ तेव्हा रांगत होता. शत्रू आला नाही. कोयता मात्र रोज घरात होता. आबांचे चुकले असे मी म्हणणार नाही. दुसरे कोण आमच्या मदतीला येणार होते? किंग यांच्यापुढचा प्रश्न पुस्तकी नव्हता, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

त्या दिवसांत किंग यांच्या घराभोवती राखणीला माणसे बसत व त्यांच्याजवळ बंदुका असत. बेयार्ड रस्टिन हे अहिंसेचे जुने कार्यकर्ते मॉन्टगोमेरीला मदतीसाठी आले. त्यांच्यासोबतचा एक पत्रकार किंग यांच्या दिवाणखान्यातील खुर्चीत बसू लागला तेव्हा रस्टिन यांना त्याला घाईने थांबवावे लागले. खुर्चीत शस्त्र पडले होते. ग्लेन स्मायली हे दुसरे कार्यकर्ते आले, त्यांना तर ते घर शस्त्रागारच वाटले. या दोघांनी किंग यांच्याशी दीर्घ चर्चा केल्या. गांधीजींविषयी किंग यांनी विद्यार्थिदशेत वाचले होते. पण वाचणे निराळे आणि रात्री दार वाजल्यावर त्याप्रमाणे वागणे निराळे!

किंग व कोरेटा यांनी कित्येक दिवस या प्रश्नावर विचार केला. हजारो लोकांना आपण मार खाऊनही हात उचलू नका म्हणून सांगायचे, आणि स्वतःच्या रक्षणासाठी मात्र हिंसेचे साधन जवळ ठेवायचे, हे कसे जुळणार? शेवटी आपल्या मालकीचे जे एकच शस्त्र होते तेही घरातून काढून टाकायचे असे दोघांनी ठरवले. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. शेरीफने नाकारले होते ते बाहेर शस्त्र घेऊन फिरणे. घरातले शस्त्र घरात राहू शकले असते. म्हणून हा त्याग नाइलाजाचा नव्हता. त्यांनी आपल्या बुद्धीने तो केला, आणि निर्णयात पत्नीचा वाटा बरोबरीचा होता. शस्त्राच्या जागी घराभोवती प्रखर दिवे लावले गेले, निःशस्त्र पहारेकरी नेमले गेले आणि शहरात एकट्याने न फिरण्याचे वचन किंग यांनी सहकाऱ्यांना दिले. म्हणजे अहिंसा म्हणजे बेसावधपणा नव्हे.

पुढे त्यांनी सांगितले आहे की, घरात शस्त्र होते तेव्हा त्यांना जास्त भीती वाटत असे. शस्त्र गेले आणि मृत्यूच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. एकदा तोंड दिल्यावर भीती ओसरली. संकटे काही ओसरली नाहीत. ३८१ दिवसांचा बहिष्कार न्यायालयाच्या निकालाने यशस्वी होऊन २१ डिसेंबर १९५६ रोजी बसमधील भेद संपला, आणि दोनच दिवसांनी त्यांच्या दारावर बंदुकीचा बार झाला. जानेवारी १९५७ मध्ये ओसरीवर न फुटलेला सुरुंग सापडला. २० सप्टेंबर १९५८ रोजी न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात एका मनोरुग्ण स्त्रीने कागद कापायचे धारदार पाते त्यांच्या छातीत खुपसले. ते महारोहिणीला टेकले होते. हल्ला करणाऱ्या त्या स्त्रीविषयी त्यांनी मनात द्वेष धरला नाही. १९६२ साली बर्मिंगहॅमच्या सभेत एका नाझी तरुणाने व्यासपीठावर त्यांच्या तोंडावर ठोसे मारले, तेव्हा किंग यांनी हात खाली सोडले व त्या तरुणाला कोणी मारू नये म्हणून लोकांना आवरले.

असे असूनही किंग यांनी आपला निर्णय दुसऱ्यावर लादला नाही. १९५९ साली नॉर्थ कॅरोलिनातील रॉबर्ट विल्यम्स यांनी सशस्त्र स्वसंरक्षणाचा पुरस्कार केला. त्यांना उत्तर देताना किंग यांनी मान्य केले की घरावर चालून आलेल्यापासून बचाव करण्याला सर्वच समाजांनी नैतिक मानले आहे, गांधीजींनीही दुबळ्यांच्या बाबतीत त्याचा धिक्कार केला नाही. त्यांचा विरोध होता तो संघटित हिंसेला चळवळीचे साधन बनवण्यास. दक्षिणेतील अनेक कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या घरांत बंदुका होत्या, आणि १९६६ सालच्या मिसिसिपीतील पदयात्रेत ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या गटाचे सशस्त्र लोक राखणीला होते. हे वास्तव झाकून अहिंसेचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्याच १९५९ सालच्या फेब्रुवारीत किंग पतिपत्नी भारतात आली. महिनाभराच्या प्रवासात मुंबईला ती मणिभवनात राहिली. केरळातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी किंग यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य म्हणून करून दिली. प्रथम त्यांना धक्का बसला. मग विचाराअंती ते म्हणणे त्यांना पटले. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ते जवळचे वाटतात ते अशामुळेच.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा, १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा व नोबेल पारितोषिक, १९६५ चा मतदानाचा कायदा. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथील लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे असताना समोरच्या इमारतीतून रायफलची गोळी आली आणि ३९ व्या वर्षी हे जीवन संपले. खिशात पिस्तूल असते तरी त्या गोळीपुढे त्याचा काय उपयोग होता? आणि १९७४ साली त्यांच्या मातोश्री अल्बर्टा किंग चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असताना पिस्तुलाच्याच गोळीला बळी पडल्या. एकीकडे शस्त्र कामी आले नसते, आणि दुसरीकडे ते सहज कोणाच्याही हाती आले म्हणून एका वृद्धेचा जीव गेला. जानेवारी २०२३ पासून अलाबामात पिस्तूल लपवून बाळगायला परवानाच लागत नाही. किंग यांना जे नाकारले गेले, ते आज तेथे जवळजवळ सर्वांना खुले आहे. माणसे त्यामुळे निर्भय झाली काय, याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे.

आपण शिकतो ते नोकरीसाठी, हे खरेच आहे. पण शिकलेल्या माणसावर एक जास्तीचे ओझे असते: जे तो चारचौघांत बोलतो ते त्याच्या घरात खरे असले पाहिजे. किंग यांनी व्यासपीठावरचा विचार आधी स्वतःच्या दिवाणखान्यात आणला, तान्ह्या मुलीचा जीव धोक्यात असताना आणला, आणि मग लोकांपुढे ठेवला. म्हणूनच लोक त्यांच्यामागून मार खायला तयार झाले. अशी वेळ आली तर मी काय करीन, हे मला आज सांगता येत नाही. पण तो प्रश्न त्यांनी माझ्यापुढे ठेवला आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.