मोडीतला संसार वाचवणारे दिनकर केळकर

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाटाकडे निघालेल्या प्रवाशाला खोपोलीत शिळफाटा लागतो. मुंब्रा-कल्याणकडचा त्याच नावाचा फाटा वेगळा. हा रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातला. घाट चढण्यापूर्वी गाडी थांबवायची, पाणी-हवा पाहायची, सैल झालेला एखादा स्क्रू आवळून घ्यायचा, ही या रस्त्याची जुनी रीत. घाटपायथ्याच्या गॅरेजमध्ये कारागिराच्या हातात असतो तो स्क्रू ड्रायव्हर सहसा दुकानातून आणला तसा राहिलेला नसतो. त्याचे टोक ग्राइंडरवर घासून हव्या त्या खाचेत बसेल असे केलेले असते, फुटलेल्या मुठीवर चिंधी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळलेला असतो. असे हत्यार मालकाच्या हाताला सवयीचे होते. मालकाचा हात थांबला, की ते भंगाराच्या तराजूत जाते आणि तिथे फक्त त्याचे वजन विचारले जाते.

हाच घाट चढून खंडाळा, लोणावळा मागे टाकले की कामशेतजवळ मावळातले करंजगाव येते. वापरून झिजलेल्या, दुरुस्त केलेल्या, निरुपयोगी ठरलेल्या वस्तूंना तराजूतून उचलून घेण्यात ज्याने आपले आयुष्य घालवले, त्या दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म याच गावी १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. शाळेच्या सहलीत ते पाहिले नाही असा पुणेकर विरळाच. परंतु त्या काचेच्या कपाटांमागचा माणूस मात्र नावापुरताच ठाऊक असतो.

चष्म्याचे दुकान आणि कविता

केळकर यांची पहिली ओळख कवी म्हणून झाली. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते कविता लिहीत. इतिहासाची ओढ, गतवैभवाची हळहळ आणि पराक्रमाचे स्मरण हे त्या पिढीच्या मराठी कवितेचे आवडते विषय होते आणि अज्ञातवासींचे मनही त्यातच रमत असे. उदरनिर्वाहाचे साधन मात्र अगदी वेगळे होते. पुण्यात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते.

चष्मेवाल्याचा धंदा नजरेचा तसाच बोटांचाही. दांडी आणि चौकट यांना जोडणारा तिळाएवढा स्क्रू, तो फिरवणारा सुईसारखा बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि तो धरणारा स्थिर हात यांवाचून या धंद्यात पाऊल पुढे पडत नाही. दिवसभर अशा सूक्ष्म जोडकामात वावरणाऱ्या माणसाला एखाद्या अडकित्त्याची खीळ, कुलपाची कमान किंवा डब्याची बिजागरी पाहताना इतरांपेक्षा अधिक दिसले असेल, तर त्यात नवल नाही.

१९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. आरंभी इतिहासाचे आकर्षण होते. पुढे त्यांची नजर तलवारी-ढालींवरून हळूहळू स्वयंपाकघराकडे, देवघराकडे आणि माजघराकडे वळली. त्या काळात वस्तुसंग्रह म्हणजे राजेरजवाड्यांची शस्त्रे, नाणी, शिल्पे आणि चित्रे असा समज होता. ज्या वस्तूंना बाजारात किंमत नाही आणि घरातही मान उरलेला नाही, त्या गोळा करणाऱ्याकडे लोक विक्षिप्त म्हणून पाहत, यातही आश्चर्य नव्हते.

काळ बदलत होता

केळकर यांनी संग्रह सुरू केला तो काळ महाराष्ट्रातल्या घरगुती वस्तूंच्या दृष्टीने मोठ्या उलथापालथीचा होता. १९१५ साली खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली येऊ लागले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या फिरू लागल्या. पुढच्या काही दशकांत वीज घराघरात शिरली आणि शेकडो वर्षे उजेड देणारे लामणदिवे, ठाणवया व भिंतीतल्या कोनाड्यातले दिवे एकाएकी बिनकामाचे झाले. समई देवापुढे टिकली. बाकीचे दिवे माळ्यावर गेले.

पाठोपाठ इतर वस्तूंवरही हीच वेळ आली. कारखान्यात साच्यातून निघणारी सारख्या मापाची कुलपे आली आणि गावच्या लोहाराने एकेक घडवलेले कुलूप मागे पडले. शाईच्या दौतीची जागा फाउंटन पेनने घेतली. पुढे स्टेनलेस स्टील आले आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हईवाल्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. वाडे पाडून चाळी आणि इमारती उठू लागल्या, तेव्हा नक्षीदार दरवाजे आणि खांब सरपणाच्या भावाने जाऊ लागले. मोडीच्या दुकानात पितळेला वजनाचा भाव होता; त्यावर कोरलेल्या मोराला वेगळा भाव नव्हता. मूस तापली की मोर आणि त्याच्या पिसाऱ्यातली कारागिरी दोन्ही एकदमच वितळत.

केळकर यांचा झगडा या मुशीशी होता. वस्तू एकदा वितळली की कितीही पैसा ओतून ती परत मिळणार नव्हती. त्यामुळे त्यांच्या संग्रहाला घाईची एक धार होती. गावोगाव हिंडावे, जुन्या घरांचे उंबरे झिजवावेत, मोडवाल्यांशी ओळखी ठेवाव्यात, घासाघीस करावी आणि मिळेल ते घेऊन पुण्याला परतावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेतल्या वस्तूही संग्रहात आल्या. चष्म्याच्या दुकानातली कमाई या छंदाकडे वळत गेली. घरातली जागा आक्रसत गेली. पत्नी कमलाबाई यांनी हा सारा पसारा नुसता सहन केला नाही, त्या त्यात सहभागी झाल्या. त्यांच्या साथीवाचून हे काम एका आयुष्यात पुरे होणे शक्य नव्हते.

राजाचे नाव

या काळातच केळकर दांपत्यावर मोठा आघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालपणीच मृत्यू पावला. ज्याच्या हाती हे सारे सोपवायचे तोच गेला, तेव्हा संग्रह मोडून टाकावा असे कुणालाही वाटले असते. केळकर यांनी उलट केले. त्यांनी संग्रहालाच मुलाचे नाव दिले. त्यामुळे संग्रहालयाच्या नावातला 'राजा' हा शब्द ऐकून अनेकांचा जो समज होतो, की हा कुण्या संस्थानिकाचा संग्रह असावा, तो चुकीचा आहे. पाटीवरचे पहिले नाव एका लहान मुलाचे आहे आणि दुसरे त्याच्या वडिलांचे.

पुढची वाढ पाहिली तर या नावामागची निष्ठा कळते. १९६० च्या सुमारास संग्रहातील वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली होती. एका मध्यमवर्गीय दुकानदाराने, कोणत्याही संस्थानाचा खजिना पाठीशी नसताना, चार दशकांत हे जमवले होते.

कुलूप, अडकित्ता आणि वज्री

संग्रहातली कुलपे पाहताना जुन्या कारागिरांच्या बुद्धीची कल्पना येते. पूर्वीच्या अनेक कुलपांत आजच्यासारखी दातेरी किल्ली फिरत नसे. काही कुलपांची किल्ली मळसूत्री असे, म्हणजे तिच्या टोकाला स्क्रूसारखे आटे पाडलेले असत. ती आत फिरवत नेली की आटे एकमेकांत बसत आणि आतला दांडा हळूहळू ओढला जाऊन कडी मोकळी होई. काही कुलपांत पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असे. पट्ट्या फाकल्या की कुलूप बंद आणि किल्ली आत सरकवून त्या दाबल्या की उघडे. किल्लीचे छिद्र झाकणाखाली लपवणे, कुलपाला प्राण्याचा आकार देणे हे घडवणाऱ्याचे खास खेळ. या संग्रहातले विंचवाच्या आकाराचे कुलूप प्रेक्षकांच्या चांगलेच लक्षात राहते.

यंत्रावर आटे पाडण्याची सोय नसलेल्या काळात मळसूत्र कानशीने आणि नजरेच्या अंदाजाने पाडावे लागे. म्हणून एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नसे आणि किल्ली हरवली की घडवणाऱ्याच्याच दारात जावे लागे. एकसारख्या मापाचा स्क्रू आणि त्याला चालणारा कुठलाही स्क्रू ड्रायव्हर ही कारखान्याच्या युगाची देणगी आहे. त्याआधीची प्रत्येक खीळ आणि प्रत्येक मळसूत्र त्या-त्या वस्तूपुरते होते.

अडकित्त्यांचा विभाग तर या संग्रहाचे वैभवच मानला जातो. सुपारी कातरण्याचे काम दोन पाती आणि एक खीळ एवढ्यावर भागते. पण कारागिरांनी त्यातून घोडे, पक्षी आणि माणसांच्या जोड्या साकारल्या. मुठी मिटल्या की चित्र पुरे व्हावे, अशी योजना त्यात असे. पाय घासण्याच्या वज्रीसारखी क्षुल्लक वस्तू घ्यावी, तर तिच्या पाठीवरही पक्षी बसलेले दिसतात. विळ्या, किसण्या, शेवयांचे साचे, फण्या, करंडे, पानदान, दौती, हुक्के, खेळणी, वाद्ये अशी ही यादी लांबत जाते. यांतल्या बहुतेक वस्तू बायकांच्या हातातल्या होत्या. बखरींत आणि सनदांत ज्यांचा उल्लेख क्वचितच येतो, त्या घरातल्या स्त्रियांच्या दिवसाचा हिशेब या वस्तूंनी ठेवला आहे. केळकर यांच्या नजरेचे वेगळेपण इथे आहे.

या वस्तू घडवणाऱ्यांची नावे बहुधा कुठेही कोरलेली नाहीत. सुतार, लोहार, तांबट, कासार हे आपल्या हत्यारांवरही असेच काम करीत. झिजलेल्या कानशीला पुन्हा तापवून तिची पटाशी करावी, तुटलेल्या पात्याचा सुरा व्हावा, मूठ बदलावी पण पाते ठेवावे, ही त्यांची नित्याची पद्धत होती. त्यामुळे जुने हत्यार म्हणजे एकाच वेळी दोन-तीन पिढ्यांच्या हातांची नोंद असते. तिच्यावरचा जोड आणि ठिगळ हा दोष मानून घासून काढला, तर तेवढी नोंद पुसली जाते.

कोथरूडहून आलेला महाल

लहान वस्तूंत रमणाऱ्या केळकर यांनी एक मोठे धाडसही केले. पेशवाईत बाजीराव आणि मस्तानी यांच्याशी निगडित असलेल्या कोथरूड येथील वास्तूचे अवशेष नष्ट होण्याच्या वाटेवर होते. त्यातले लाकूडकाम मिळवून त्यांनी ते आपल्या संग्रहात आणले आणि त्यातून मस्तानी महालाचे दालन पुन्हा उभे राहिले. खांब, कमानी, छत असे सुटे भाग पुन्हा जुळवून वास्तू उभारण्याचे हे काम एका अर्थाने चष्म्याच्या चौकटीचेच होते. फक्त माप बदलले होते.

एवढा संग्रह खासगी घरात राहू शकत नव्हता, हे केळकर यांनी ओळखले होते. वारसांच्या वाटण्यांत फुटलेले संग्रह आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती गेलेल्या वस्तू त्यांच्या पिढीने पाहिल्या होत्या. विकायचे ठरवले असते तर उतारवयात मोठी रक्कम हाती आली असती. १९६२ मध्ये हे संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाशी जोडले गेले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. १९७८ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८० मध्ये पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कपाटातले आणि कपाटाबाहेरचे

पुण्यात बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठेत हे संग्रहालय उभे आहे. संग्रहातल्या वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. त्यांतल्या सुमारे अडीच हजार प्रेक्षकांपुढे मांडता येतात. म्हणजे आठ वस्तूंमागे एखादीच पाहायला मिळते. बाकीच्या जागेअभावी साठवणीत आहेत. एका माणसाने वाचवलेले दाखवण्यासही संस्थेला जागा अपुरी पडते, यावरून त्याच्या श्रमाची मोजदाद करता येईल. वाचवलेल्या वस्तूची काळजी घेण्याचे काम कधी संपत नाही, हेही यावरून दिसते. लाकडाला वाळवी, लोखंडाला गंज आणि पितळेला कळकट चढण्याचे थांबत नाही.

केळकर गेले त्याला साडेतीन दशके उलटली. शिळफाट्यावरून द्रुतगती मार्गाने गाड्या आता थांबल्यावाचूनही घाट चढू शकतात. नव्या गाड्यांच्या दुरुस्तीला संगणक लागतो आणि अनेक घरगुती उपकरणे उघडता येणार नाहीत अशीच बनवली जातात. घासून-घासून स्वतःच्या हाताला जुळवलेला स्क्रू ड्रायव्हर उद्या लामणदिव्याच्या वाटेने जाईल, अशी चिन्हे आहेत. आजोबांची हत्यारांची पेटी आजही अनेक घरांत माळ्यावर पडून असते आणि दिवाळीच्या साफसफाईत ती मोडवाल्याला द्यायची की ठेवायची, हा प्रश्न निघतो. मोडवाला तिचे वजन सांगेल. तिच्यातल्या कोणत्या मुठीला कुणी कधी ठिगळ लावले, हे सांगणारे माणूस घरात असेल तोवरच विचारून ठेवायला हवे.