टॉमस स्टीव्हन्स : सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला प्रवासी

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या फाटकापाशीं सायकलींची रांग आपण नित्य पाहतों. परंतु अशा वाहनावर बसून कोणी एकटा पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला असेल, हें सहसा मनांत येत नाहीं. असा एक पुरुष खरोखरच होऊन गेला. आणि विशेष हें, कीं तो निघाला त्या वेळीं सायकलीच्या विद्येंत केवळ नवशिका होता. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

टॉमस स्टीव्हन्स याचा जन्म इंग्लंडांतील बर्कॅमस्टेड या गांवीं ता. २४ डिसेंबर १८५४ रोजीं झाला. तरुणपणींच तो अमेरिकेस गेला. तेथें वायोमिंगमध्यें रेल्वेच्या एका कारखान्यांत व पुढें कोलोरॅडोमधील एका खाणींत त्यानें काम केलें. अशा कष्टाच्या दिवसांत त्याच्या मनानें घेतलें, कीं अमेरिका खंड सायकलीवरून ओलांडावें.

त्या काळची सायकल आजच्यासारखी नव्हती. स्टीव्हन्सच्या सायकलीचें पुढील चाक ५० इंच व्यासाचें होतें आणि मागील चाक अगदींच लहान. चाकांची धांव भरीव रबराची असे. कारण हवा भरलेली धांव डनलॉप यानें पुढें १८८८ सालीं तयार केली. स्वार मोठ्या चाकाच्या माथ्यावर बसे. वाटेंत धोंडा आडवा आला, कीं तो हँडलवरून तोंडघशीं पडलाच समजावें. असें हें वाहन सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट उद्यानांत त्यानें चालवून पाहिलें. पडावें, उठावें, पुन्हा चढावें, हाच नवशिक्याचा पहिला पाठ.

सामानाविषयींचा त्याचा विवेकहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पायमोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक पावसाळी अंगरखा, एवढेंच काय तें त्यानें बरोबर घेतलें. तोच अंगरखा रात्रीं तंबू होई व तोच अंथरूण. लांबच्या प्रवासाची तयारी म्हणजे काय घ्यावें याचा विचार खराच. परंतु काय टाकावें याचा विचार त्याहून कठीण.

ता. २२ एप्रिल १८८४ रोजीं सकाळीं आठ वाजतां तो निघाला. सिएरा नेव्हाडा पर्वतांत बर्फामुळें त्याला रेल्वेच्या छपरांखालून पायीं जावें लागलें. एका पुलावर समोरून आगगाडी आली, तेव्हां एका हातानें पुलाचें लांकूड व दुसऱ्यानें सायकल धरून तो अधांतरीं लोंबकळत राहिला! कित्येक मैल त्यानें सायकल ढकलीतच काढले. तरी ता. ४ ऑगस्ट रोजीं, सुमारें ३,७०० मैल तुडवून, तो बोस्टनला पोंचला.

आतां त्याची हिंमत वाढली. ता. ४ मे १८८५ रोजीं लिव्हरपूलहून निघून युरोप व तुर्कस्थान ओलांडून त्यानें इराणांतील तेहरान गांठलें व हिवाळा तेथेंच काढला. पुढें मात्र रशियानें सैबेरियांतून जाण्यास परवानगी नाकारली आणि अफगाणिस्थानांतून त्यास अडवून परत पाठविण्यांत आलें. येथें दुसरा एखादा निराश होऊन घरीं परतला असता. स्टीव्हन्स मागें फिरला तो दुसरी वाट शोधण्यासाठीं. कॉन्स्टॅंटिनोपलला येऊन आगबोटीनें तो हिंदुस्थानांत उतरला आणि लाहोरहून दिल्ली, आग्रा, कानपूर, अलाहाबाद, काशी या मार्गानें कलकत्त्यास गेला. चीनमध्यें संतप्त जमावाच्या हातून तो थोडक्यांत बचावला. अखेर ता. १७ डिसेंबर १८८६ रोजीं जपानांतील योकोहामा येथें त्याचा प्रवास संपला. सुमारें १३,५०० मैल तो चाकांवर हिंडला होता! या प्रवासाचें वर्णन त्यानें दोन खंडांत प्रसिद्ध केलें. १९३५ सालीं लंडन येथें तो निवर्तला.

हा मार्ग आमच्या मुंबईकरांनींहि आक्रमिला आहे. ता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर निघाले. त्यांपैकीं हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे १९२८ सालच्या मार्च महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले.

असो. आईबापांस आमची एवढीच विनंति, कीं मूल पडेल या भीतीनें त्याला चाकावर बसूंच न देणें हें रक्षण नव्हे. त्याला तोल शिकवावा आणि रस्त्यावरील सावधगिरीहि शिकवावी. आणि विद्यार्थ्यांनों, मोठा संकल्प सोडतांना आपण नवशिके आहों याची लाज बाळगूं नका. उद्यानांतील पहिल्या फेरीला जो कंटाळत नाहीं, त्यालाच ईश्वर लांबचा रस्ता दाखवितो. वाट अडली तर प्रामाणिकपणें मागें फिरा, दुसरी वाट धरा. पण चालणें सोडूं नका.