काँग्रेसचे संस्थापक ह्यूम आणि रिकामी घरटी

सोलापूरजवळच्या हिप्परग्यासारख्या तलावाकाठी टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. एके सकाळी ती गायब झाली, तर चोर कोण? कावळा अनेकदा भोक पाडून फुटकी कवचं टाकून जातो. मुंगूस, कोल्हा ओल्या चिखलात पावलं सोडतात. साप अंडं अख्खंच गिळतो, मागे काहीच उरत नाही. असाच माग न ठेवणारा आणखी एक चोर होता: अंडी जमवणारा माणूस.

त्यातलं भारतातलं सर्वात मोठं नाव म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (1829–1912). हो, 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच! सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी देशभरातून पक्षी आणि अंडी मागवली. 1872 पासून ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालवलं. 1878 मध्ये त्यात डेव्हिडसन आणि वेंडन यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली, तीत सोलापूरच्याही नोंदी आहेत. अंड्याला बारीक भोक पाडायचं, आतलं फुंकून काढायचं आणि कवच पेटीत ठेवायचं, अशी तेव्हाची रीत. कोणता पक्षी कुठे, कधी अंडी घालतो, हे आपल्याला बरंचसं या लुटीतूनच कळलंय.

मग सिमल्यात नोकराने त्यांची हस्तलिखितं रद्दीत विकली. खचलेल्या ह्यूमनी 1885 मध्ये सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला; त्यात सुमारे साडेअठरा हजार अंडी होती. ते शाकाहारी झाले, पक्षी मारणंही सोडलं. म्हातारपणी लंडनमध्ये मात्र पुन्हा संग्रह सुरू केला, या वेळी वनस्पतींचा.